फेअर वही

ओर्नेल्ला आमच्या वरच्या खोलीत आली ती ध्रुपद शिकायला.
पहाटे चारला तानपुरा लावून
एकच सा धरून बसायची तासभर,
आणि खाली दूधवाला
सायकलची घंटा जरा दबकतच वाजवायचा.

मी तिला मराठी शिकवत नव्हते,
ती मला इटालियन शिकवत नव्हती.
दोघींच्या मध्ये इंग्रजी होतं, भाड्याच्या सायकलसारखं,
दोघींपैकी कुणाचंच नाही,
आणि चेन दर वळणावर उतरणारी.

एकदा उतरली ती दौलतगंजात, रेशनच्या दुकानासमोर.
पाटीवर बोट ठेवून म्हणाली, हे फेअर म्हणजे कुठलं?
गोरं दुकान? जत्रेतलं दुकान?
मी म्हटलं, रास्त. रास्त भावाचं.
(हा शब्द माझ्याकडे पुण्याच्या मामीकडून आलेला,
इथे आम्ही उचित म्हणतो.)
जुस्तो, ती म्हणाली. किंवा एक्वो.
मी दोन्ही तोंडात घोळवत हरचरनकडे पाहिलं.
अंगठा आमचा यंत्रावर,
त्याचा काट्यावर.

धुकं फिटलं, ऊन आलं, तेही फेअर.
त्याला आम्ही बेल तेंपो म्हणतो, म्हणाली,
आणि मी रस्त्याकडे वळून हात केला.
हसून हसून ती ओट्यावर बसली.
तिच्याकडे तेंपो म्हणजे हवा, आणि काळसुद्धा.
आमच्याकडे टेम्पो म्हणजे बाडा ते हजिरा, दहा रुपये,
सहाच्या जागी अकरा माणसं,
आणि काळ कुणाच्या तरी मांडीवर बसून जातो.

जानेवारीत तिला मेळ्यात नेलं.
फिएरा! आकाशपाळण्याखाली ती ओरडली,
हातात सॉफ्टी, कडाक्याच्या थंडीत.
मला वाटलं, चला, निदान हा एक अर्थ
दोन्हीकडे सारखाच गोड आहे.

मग एका रविवारी मी सातवीच्या वह्या तपासत होते.
रफ एकीकडे, फेअर एकीकडे.
ब्रुत्ता कोप्या, बेल्ला कोप्या, ती गठ्ठ्यांना हात लावत म्हणाली.
कुरूप प्रत, सुंदर प्रत.
तुमची मुलं खाडाखोडीला सरळ कुरूप म्हणतात?
म्हणतात की, ती म्हणाली, पहिलीपासून.

तेव्हा मी ट्रंक उघडली.
अण्णांची वही, एक्क्याण्णव साल.
डाव्या पानावर पेन्सिलीनं:
सावळी, तरतरीत, एम.ए., गळा बरा.
सावळी खोडून निमगोरी,
निमगोरी खोडून गव्हाळ,
गव्हाळवर इतकं खोडलंय की कागद फाटलाय.
आणि उजव्या पानावर शाईनं, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात:
फेअर.
शब्दामागे सव्वा रुपया पडायचा जाहिरातीला,
म्हणून तरतरीत गाळलं.

चार स्थळं आली.
एकानं मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला सांगितलं होतं.
अण्णा पूर्ण वेळ पंख्याकडे बघत होते.
पंखा बंद होता.

या फेअरला काय म्हणशील, मी विचारलं.
ओर्नेल्लानं वही उजेडात धरली, मग खाली ठेवली.
क्यारा. म्हणजे उजळ.
मग जरा थांबून, म्हणजे स्पष्टसुद्धा.
स्पष्ट तर मी होतेच, मी म्हटलं,
म्हणून तर चारही गेले.
या वेळी ती हसली नाही, मीच हसले.

मार्चमध्ये गेली. भाडं चुकतं केलं,
एक गजकचा डबा नेला, एक विसरली,
आणि माझ्या रफ वहीच्या मागच्या पानावर
लिहून गेली, तिच्या देवनागरीत, वेलांट्या उलट्या:
फिएरा. जत्रा.
फिएरा. मान ताठ असलेली, बाईला म्हणतात.
आणि अगदी खाली, बारीक,
फिएरा. जंगलातलं जनावर.

इतके दिवस झाले,
ते फेअर वहीत उतरवायचं राहूनच गेलंय.
वरची खोली रिकामी आहे.
दूधवाला घंटा पुन्हा जोरात वाजवतो.