भुयारातला नोदार

तिबिलिसीत, स्टेशनच्या चौकाखालच्या भुयारात
कपाटाएवढं दुकान नोदारचं.
दुरुस्ती कमी, मतं जास्त.
मतांचे पैसे पडत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक टिकून आहे.

"लॅपटॉप आणखी पातळ झाला म्हणे. पेपरात फोटोसकट.
झाला की पापुद्रा! पण बॅटरी आत चिकटवलेली,
मेमरी डकवलेली, आणि स्क्रू असला
की त्याचा पाना फक्त कंपनीच्या सासऱ्याकडे."

प्रिंटरबद्दल तो बोलत नाही.
एकदाच बोलला होता, तेव्हा शेजारची एतेरी
सूर्यफुलाच्या बियांची टोपली उचलून
दोन दिवस पलीकडच्या जिन्याशी बसली.

काल तिनंच विचारलं,
"आता यंत्रं विचार करतात म्हणे, नोदार?"
"करू देत. माझा मेहुणाही करतो.
वीस वर्षं झाली."

तेवढ्यात वीज गेली.
आली तेव्हा काउंटरखालचा राखाडी डबा
(दोन हजार तीनचा, झाकण नाही, पंख्यात मांजराचे केस)
एक लाथ खाऊन निमूट उठला.
गिऱ्हाइकाचा तो पापुद्रा मात्र
अपडेट घेत बसला:
तीन टक्के. कृपया बंद करू नका.

नोदारनं त्याच्यावर फडकं टाकलं,
रात्री पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं,
आणि म्हणाला, "एतेरी, मूठभर बिया दे.
भाजलेल्या.
कालच्याच आवृत्तीतल्या."

दुकान बंद करताना त्यानं फडक्याखाली डोकावून पाहिलं.
दोन टक्के.