दीड तास

सोहारला, लाँड्रीच्या वरच्या इमारतीत,
गच्चीकडे जाणाऱ्या शेवटच्या सात पायऱ्यांवर
आमचा क्लास भरायचा.
फी नव्हती, सर नव्हते.
एक ट्यूबलाइट, तीही वॉचमन सुलेमानच्या मर्जीतली,
आणि एसीचं पाणी रंगाच्या रिकाम्या डब्यात टपटपत.
त्या पाण्यावर सुलेमाननं मिरचीचं एक रोप जगवलं होतं.

जोबिनला फिजिक्स येई, हरिणीला केमिस्ट्री.
आणि सफूरा, तुला बायोलॉजी.
बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, हे तू
हर्णैच्या लिलावात सुरमईचा भाव पुकारावा तसं पुकारायचीस :
तीन! बोल, तीन!
खालच्या मजल्यावरून कुणीतरी दार आपटायचं.

मला काय यायचं?
मला वेळ लावता यायची.
बाबांचं जुनं घड्याळ, पट्ट्यावर वेल्डिंगची ठिणगी पडून झालेलं भोक,
पंचेचाळीस मिनिटं, पंचेचाळीस प्रश्न,
मध्येच कुणाला रडू आलं तर
तेवढी मिनिटं वजा.
हा नियम हरिणीचा,
आणि पहिल्यांदा तिलाच लागला. सहा मिनिटं.

मार्चमध्ये तुझ्या अब्बांची कंपनी बंद झाली.
परकारांच्या घरात खोकी आली, चिकटपट्टीचा चर्र आवाज आला,
न्हाणीघरातला वजनकाटा हॉलमध्ये आला.
माणशी तीस किलो.
पुस्तकंच अकरा.
तेव्हा तू ब्लेड मागितलंस
आणि ते जाड पुस्तक कण्यातून सरळ चिरलंस,
एकही पान न फाडता.
जोबिन काहीतरी म्हणणार होता, म्हणाला नाही.
न येणारी प्रकरणं तू घेऊन गेलीस.
येणारी आमच्याकडे ठेवलीस,
कडेला तुझ्या पेन्सिलीच्या खुणा,
एका पानावर चहाचा गोल.

मग तुझं सेंटर मस्कतचं रत्नागिरी झालं
आणि तुझी पहाट आमच्या रात्रीत शिरू लागली.
तिकडे साडेपाच, इकडे चार.
"उठा गो, मेल्यांनो," फोनमध्ये तू,
तुझ्या मागे कोंबडा,
आमच्या मागे एसीची घरघर.
हरिणीला "मेल्यांनो" एवढंच मराठी येतं,
ती ते कुणालाही प्रेमानं म्हणते.

एप्रिलात तीन दिवस फोन आला नाही.
चौथ्या दिवशी आला तेव्हा कोंबडाही गप्प.
म्हणालीस, माझ्यानं होत नाही.
अब्बा दिवसभर ओटीवर बसतात
मोबाइल पालथा ठेवून.
मी वही उघडून बसले की
पंखा कमी करतात, पानं उडू नयेत म्हणून,
आणि घामाघूम तसेच बसून राहतात.

आम्हाला कुणालाच काही सुचलं नाही.
जोबिननं ट्यूबलाइटकडे पाहिलं.
मी घड्याळाकडे.
अकरा मिनिटं.
मोजली, वजा केली,
आणि म्हटलं, चल, एकतिसावा प्रश्न.
बराच वेळ नुसता श्वास.
मग तू म्हणालीस, पर्याय वाच.

परीक्षेच्या दिवशी हरिणीच्या अप्पांची गाडी,
सहम, सुवैक, बरका,
मागच्या सीटवर लिंबूभाताचा डबा आणि आम्ही तिघं,
चौथ्या जागेवर तुझी अर्धी पुस्तकं.
गेटवर कानातलं काढलं, केसांची क्लिप काढली.
"घड्याळही."
तेही काढलं.
मनगटावर एक पांढरा पट्टा उरला,
उन्हानं न पाहिलेला.

आत भिंतीवर साडेबारा.
तिकडे दोन.
घंटा एकच.
पहिल्यांदाच तू आमच्या पुढे नव्हतीस,
आम्ही मागे नव्हतो.
पेपर उघडताना मी इतकंच पाहिलं,
मग तेही विसरले.

परतताना बरक्याच्या पेट्रोलपंपावर फोन चालू केले.
तुझा एकच मेसेज :
बेडूक आला?
हरिणीनं लिहिलं, नाही आला, मेल्यांनो.
अप्पा टाकी भरून परत आले तरी
आम्ही हसतच होतो,
आणि फिजिक्स कसा गेला
हे सुवैकपर्यंत कुणी कुणाला विचारलं नाही.