सहा-शून्य-दोन-आठ

धोपाव्याहून फेरीबोटीत बसलं की
अर्ध्या खाडीतच दिसायची ती,
पाणी उपसलेल्या गोदीत
ठोकळ्यांवर टेकवलेली, नऊ मजली, पोट उघडं.
वेलदूरची एक मासळीवाली म्हणाली,
"येवडी मोठी बाई, नि न्हाताना सापडल्यावानी."
आम्ही हसलो. दाभोळ आलं. मी कामाला गेलो.

तळाला कालवं बसलेली, तीन-तीन बोटं जाड.
ती फवाऱ्याने सोलायला ओडिशाची पोरं.
आम्ही सुतार वर,
एकवीस दिवस, दोन पाळ्या,
जुने गालिचे बाहेर, नवे आत,
आणि सरसाचा वास जेवणाच्या डब्यापर्यंत.

प्रवाशांना काय हवंय त्याची फाईल
मिस्किटाकडे होती. चहाच्या वेळी वाचून दाखवायचा.
उशा मऊ हव्यात. उशा कडक हव्यात.
नळ फिरवताक्षणी गरम पाणी.
लिफ्टच्या आरशात माणूस जरा बारीक दिसावा.
बारचा लाकडी कठडा काढलात तर पुन्हा येणार नाही.
तोच कठडा: किती जुनाट, काढा एकदाचा.
एकाने लिहिलेलं, समुद्र कमी हलावा.
त्यापुढे कंपनीची लाल शाई:
आपल्या कामात येत नाही.

सगळ्यांना बोट नवीकोरी हवी होती
आणि गेल्या खेपेला विसरलेलं काहीतरी
जागच्या जागी सापडायला हवं होतं.
असं मिस्किटा म्हणाला नाही. मीही नाही.
आम्ही बिस्किटं बुडवत होतो.

फाईलच्या तळाशी एक कागद, हाताने लिहिलेला,
नाशिकच्या कुणी मृदुला करंदीकर.
"६०२८. बाथरूमचं दार करकरतं, तेवढं राहू द्या.
रात्री हे उठले की मला त्यावरून कळायचं.
या डिसेंबरात मी एकटी येणार आहे."

तोवर सहावा मजला उरकला होता.
अडतीस दारं, दाराला तीन,
एकशे चौदा बिजागऱ्या
मुदस्सर परकारने स्वतः मोजून
भंगाराच्या पिंपात टाकलेल्या.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पिंप उपडं केलं.
एकेक उचलायची, कानाशी धरायची,
उघडमीट, उघडमीट.
एक बोलेल तर शपथ.
मुदस्सर म्हणाला, "बिजागरी एकटी करकरत नाय.
तिला दार लागतं."
"आणि दाराला," मी म्हणालो,
पण तेवढ्यात भोंगा झाला.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर थांबलो, हजेरीत न लावता.
तीन बसवा, दार हलवा, तीन उतरवा.
मिस्किटा बॅटरी धरून उभा, डास मारत.
अकराव्या खेपेला आवाज आला,
खाडीवर अंधार पडताना
ढोकरी एकदाच ओरडते, तसा.

तोच का? कोण सांगणार.
अकरावा बोलला म्हणून बारावा लावून पाहिला नाही.
नव्या पांढऱ्या चौकटीवर
तीन काळवंडलेले पितळी तुकडे,
आणि वरचा स्क्रू जरा तिरका गेला, माझ्या हातून.

तपासनीसाने दार ढकललं, थबकला.
मिस्किटाने कागद पुढे केला.
त्याने वाचला, घड्याळ पाहिलं,
पुढच्या दाराकडे गेला.

पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ती निघाली.
तिला वाट द्यायला फेरीबोट थांबली,
दोन रिक्षा आणि एक फणसांचा टेम्पो घेऊन.
पोरं हात हलवत होती. वर कुणीच नव्हतं,
नुसत्या खुर्च्या, अजून प्लास्टिकमध्ये.
अंजनवेलच्या किल्ल्याखालून वळली आणि
सगळा रंग उन्हात पांढरा झाला.

पुढच्या खेपेची फाईल येईल.
कुठली खोली मिळते हे काही
करंदीकरबाईंच्या हातात नाही.
६०२८ दुसऱ्याच कुणाला गेली
तर तो माणूस लिहील,
आणि त्याचंही बरोबरच असेल:
एवढे पैसे घेता,
साधं एक दार करकरतं.