बरणी घेऊन म्हापशाला

लोणच्याची रिकामी बरणी, तिच्यात पलंगाखालची धूळ,
झाकण घट्ट, झाकणावर रबर.
साखळीहून बसमध्ये ती मांडीवर धरून बसले.
शेजारची बाई म्हणाली, मसालो?
मी म्हटलं, हो. गरम मसाला.

दुकानात काठ्या ओळीने उभ्या,
वर मोटर, खाली ब्रश, मध्ये पारदर्शक पोट.
तारा कुणालाच नाहीत.
क्लिफर्ड नावाचा पोरगा, गळ्यातलं ओळखपत्र उलटं,
त्याने सतरंजीवर रवा टाकला, बटण दाबलं.
रवा गेला.
रवा काय, मी म्हटलं,
फुंकर मारली तरी जातो.
आमची दाखवते तुला.

बरणी उघडली तसा तो थबकला.
तांबडी. मैद्याहून बारीक, आणि तरी जड,
एकदा बोटाला लागली की बोट तिचं.
मॅडम, ही खंयची?
घरची, बाळा.
खाण बंद पडली, ट्रक गेले, त्यालाही वर्षं झाली,
पण फरशीच्या सांध्यांना कुणी कळवलंच नाही.

मग लागली परीक्षा.
पहिली काठी दणकट, अडीच किलोची.
पडद्याच्या दांडीपर्यंत उचलली तर मनगट कुरकुरलं.
गेल्या वर्षी न्हाणीत पडले तेव्हापासून
ते प्रत्येक गोष्टीत मत देतं.
दुसरी हलकी, पण तिचा घोडा दाबून धरायचा,
बोट सुटलं की बंद.
घर झाडायचं की शिकारीला जायचं?
तिसरी पुढून ओढायची जोरात
आणि मागच्या जाळीतून तेच सगळं
आणखी बारीक करून हवेत सोडायची.
क्लिफर्ड शिंकला.
तिचा निकाल तिथेच लागला.

पुण्याहून शर्वाणीचा फोन:
आई, पॉवर बघ, महागातली घे, पैसे मी भरते.
तिच्याकडची धूळ करडी, सुटी,
खिडकीतून येते, खिडकीतून जाते.
मी पॉवर बघत नव्हते.
चाळीस मिनिटं बॅटरी, असं खोक्यावर लिहिलेलं,
आणि घर पंचवीस मिनिटांचं.
दोघांचं घर लवकर संपतं.

चौथी दीड किलोची. बटण एकदा दाबलं की पुरे.
फिल्टर धुऊन वाळवायचा, तो म्हणाला.
जुलैत कुठे वाळवू?
त्याने जरा विचार केला,
आणि खरं तेच सांगितलं: दोन घ्या.
त्या एका वाक्यावर घेतली मी ती. फिल्टर दोन.
बरणी रिकामी परत आणली.

घरी ह्यांनी टांगणी बसवायला ड्रिल काढलं.
भिंत चिऱ्याची.
पहिल्याच भोकाला तांबडा भुगा भळाभळा,
नव्या खोक्यावर, माझ्या पायांवर,
आणि मशीन तर अजून चार्जिंगला.
केरसुणी आणली कोपऱ्यातून.
ती काही बोलली नाही.

रात्री हिरवा दिवा लागला.
मी हॉलमधून, मधल्या खोलीतून, देवासमोरून फिरले,
सोफ्याखालून एक टिकली निघाली, एक औषधाची गोळी,
बाकी सगळं तेच, तांबडं.
पोट भरलं तसं काढून ह्यांच्या हातात दिलं,
म्हटलं, माडाच्या मुळाशी ओतून या.

हे गेले नाहीत.
अठ्ठावीस वर्षं वजनकाट्यावर बसलेला माणूस.
आमच्याकडे त्यांच्या खोकल्याविषयी कुणी बोलत नाही.
डबा दिव्याखाली धरला, हलवला,
चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळली
आणि मान तिरकी करून म्हणाले,
अठ्ठावन्न ग्रेड. बरो माल.

हात धुवा आधी, मी म्हटलं.
बॅटरी अजून आहे अकरा मिनिटं,
आणि कपाटामागे तर मी गेलेच नाही.