पुढच्या तारखेला

जोमा भोईर, राहणार दिवाळे गाव, वादी.
दावा भरावाखाली गेलेल्या खाजणाचा,
माझ्या नोकरीपेक्षा चार वर्षांनी मोठा.
बेलापूर कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर
पुकारा होईस्तोवर तो बाकाच्या टोकाला बसायचा,
मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा,
आणि मला, बेंच क्लार्कला, एका राज्याची हकिगत सांगायचा.
एका तारखेला एक कलम.

"आमचे राज्यान," तो म्हणायचा,
जणू ते तिवरांच्या मागेच आहे,
पाम बीच रोडवरून दिसत नाही एवढंच,
"कायदा चिखलावं लिवतान."
ओहोटीला लिहायचा. भरती पुसते.
ज्याला तो हवा, त्यानं पुढच्या ओहोटीला येऊन पुन्हा लिहावा.
कुणीच आलं नाही तर गेला तो कायदा,
रद्द करायला सभा भरत नाही.
अंडी धरलेल्या चिंबोरीला हात लावू नये,
हे एक मात्र रोज कुणीतरी लिहीत आलंय.

राजा शंखात राहतो. शंख हाच मुकुट.
अंग वाढून शंख काचू लागला
की सगळ्यांदेखत उघड्या पाठीनं बाहेर यायचं
आणि तो धाकट्या कुणाला द्यायचा.
मी विचारलं, नाही सोडला तर?
"मंग शंखानच कुजतो. वास येतो. सगल्यांना कलतं."

आणि भांडणं?
तेवढ्यात साहेब डायसवर आले, मी उठलो.
समोरचे वकील गैरहजर. तीन महिन्यांनंतरची तारीख.

तीन महिन्यांनी:
दोघांना कमरेएवढ्या चिखलात समोरासमोर उभं करतात,
भरतीला थोडा अवकाश असताना.
एकट्याचा पाय निघत नाही,
दुसऱ्याचा हात धरला तरच निघतो.
निवटे काठावर डोळे वर काढून बघत बसतात.
"आमचा प्रतिवादी उतरंल कं चिखलान?" जोमा हसला,
"त्याचे तं बूट हान."
प्रतिवादी म्हणजे महामंडळ.
मी रोजनाम्यात लिहिलं: वादी हजर.

एक कलम राहिलं होतं.
न्याय करणाराच उशिरा आला, तर त्याला काय?
"त्यो मोठा हाय. पुढचे तारखंला सांगतो."

आज बोर्डावर अठ्ठावीस नंबर. तीनदा पुकारा.
मग एक बाई पुढे आली, सुगंधी,
मयताची मुलगी, वारस दाखल करण्याचा अर्ज,
कोर्ट फीचं तिकीट तिरकं चिकटवलेलं.
वडील काही सांगून गेले का, मी विचारलं.
ती म्हणाली, कशाचं?

संध्याकाळी दिवाळ्याच्या जेट्टीवर गेलो. ओहोटी होती.
कुणीतरी लिहिलेलं असेल म्हणून बघितलं:
बगळ्यांची पावलं, एक डावी चप्पल.
काठी शोधली.
अक्षर माझं रोजनाम्याचं, बारीक, चिखलात फुटत होतं,
तरी चिंबोरीचं कलम लिहिलं
आणि खाली जागा सोडली.
मग पँट दुमडून उभा राहिलो,
पाणी पहिल्या अक्षराला लागेपर्यंत.