डिंक

लटारूमामाचं तोंड आता दोन बोटं उघडतं.
डॉक्टर बोटांनीच मोजतात. पोळ्याच्या आधी अडीच होती.
खर्रा घोटायची पन्नी अजून उशाखाली आहे,
रिकामी, घासून घासून धूसर झालेली.
मामी ती फेकत नाही, तोही मागत नाही.

सिंदेवाहीपासून वडशापर्यंत
भिंतीवर जे लिहिलेलं दिसेल ते बहुतेक त्याचंच.
झाडीपट्टीच्या नाटकांचे बोर्ड, त्यातल्या नायिकेचे जाड भुवयांचे डोळे,
बियाण्याच्या जाहिराती, लसीकरणाच्या तारखा,
आणि उपकेंद्राची भिंत, दर दोन वर्षांनी पांढरी.

मी नागपुरात टिटॅनियमवर काम करते.
हे त्याला सांगायला चार वर्षं लागली.
घरी विचारतात, कायचं शिकतेस, सुकेशनी?
मी म्हणते केमिस्ट्री, आणि चहा येतो.
या खेपेला पडवीत इमल्शनचा अर्धा डबा दिसला,
वर साय धरलेला.
म्हटलं, मामा, हा पांढरा म्हणजे टिटॅनियम.
तुझ्या गोळीवरचा पांढराही तोच.
तिथे तो काही करत नाही, नुसता चांगला दिसतो.
मामा हसला, दोन बोटांएवढं.
‘म्हंजे जलमभर तुयं औषध मी भित्तीले पाजलो.’

सध्या त्याच्या नसेतून जातं ते प्लॅटिनम.
सोबत बाटल्यांवर बाटल्या सलाईन, मूत्रपिंडं वाचावीत म्हणून.
कानात रातकिडे येऊन बसलेत,
दिवसाही उठत नाहीत.
‘तुयावालं कवा येईन?’ त्यानं विचारलं.

काय सांगू.
जुनं एक होतं, कुंकवासारखं लाल, माझ्या जन्माआधीचं.
उंदरांत चाललं.
माणसांत गेलं, आणि फार काही न करता परत आलं.
पाणी लागलं की ते उकलतं, मामा,
हात सुटतात त्याचे, मागे उरते नुसती पांढरी राख.
आणि पाणी टाळून जाणार कुठून?
माणूस म्हणजे मोहाचं फूल, चिमटीत धरलं तरी रस.

तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला,
पाहणं नव्हतं ते, कुठे पोपडा आलाय ते तपासणं होतं.
मग म्हणाला,
‘नुस्ता चुना मारला का पाठीले लागते.
पानी आलं का गेला.
म्हून डिंक घालाव लागते. धावड्याचा. रातभर भिजवाचा.
कमी झाला त अंगाले लागते,
जास्त झाला त पापुद्रा धरते, मंग भित्त वेगरी, चुना वेगरा.
तुया लोकायचा डिंक चुकला.’

प्रबंधात मी त्याला लिगंड म्हणते.
एकशे बारा पानं लिहून झालीत,
मराठी शब्द शोधला नव्हता. गरज पडली नव्हती.
धातूला इतकं घट्ट धरायचं की पाण्यानं सोडवू नये,
इतकंही घट्ट नाही की पेशीपाशी पोचून तो मुठीतच राहील.
हे वाक्य मी इंग्रजीत तीनदा खोडलं होतं.

परत गेल्यावर मशीनसाठी नऊ दिवसांची रांग.
चौथं संयुग, अंबाडीच्या फुलासारखं पिवळं.
पाण्यात घातलं, आधीच्या तिघांसारखं
चहा पिऊन येईपर्यंत पांढरं पडेल म्हणून उभीच राहिले.
रात्र झाली. वॉचमन येऊन गेला.
पिवळं ते पिवळंच.

फोन मामीनं त्याच्या कानाला धरला, रातकिड्यांच्या मध्ये.
अठरा तास, मामा. अठरा तास टिकलं.
हे उंदरापर्यंतही गेलेलं नाही,
हे तुझ्यासाठी नाही, हे दोन्ही मी बोलले नाही.
त्यालाही ते नवं नव्हतं.

‘वारला का?’ त्यानं विचारलं.

आमच्या झाडीत ळचा र होतो.
भिंतीवरचा हात वाळला का, हे विचारताना
माणसं हाच शब्द बोलतात, आणि कोणी दचकत नाही.
मी दचकले.

ओला आहे, म्हटलं. ओलाच आहे अजून.
‘मंग बोट नोको लावू,’ तो म्हणाला.