उपयोग : अज्ञात

कमाटीबागेतल्या संग्रहालयाच्या तळघरात
ट्यूबलाइट आधी दोनदा मिचकावते,
मग कामाला लागते. मीही.
नोंदवहीचं आठवं बाड, शाई तपकिरी झालेली,
अक्षर दत्ताराम कारखानीस यांचं :
बाळबोध, पण वळण मोडीचं,
हात उचलायचा कंटाळा असल्यासारखं.

'चिनी माती. पांढऱ्यावर निळें काम.
पांच सुळक्यांचा डोंगर, वीतभर नाहीं.
मधल्या सुळक्यास टवका. उपयोग : अज्ञात.'

ब्याण्णव वर्षं हा डोंगर कापसात.

आणि उपयोग तर एवढाच, की
लिहिता लिहिता अडलं
तर ओला कुंचला दोन सुळक्यांमधल्या खिंडीत टेकवायचा,
पुढचं सुचेपर्यंत.
टवक्याच्या डावीकडची झिलई जास्त झिजलीय.
तिथेच अडायचं त्याचं, वाटतं,
कोण होता कुणास ठाऊक.

खालची नोंद : 'पेरूएवढी झारी. खेळणें असावें.'
खेळणं नाही. पाठीवर एक भोक, चोचीत एक.
पाठीवर अंगठा दाबला की पाणी थबकतं,
उचलला की एक थेंब,
शाईची वडी उगाळायला पुरे इतकाच.
'करी जुओ ने, बेन,' रमणभाई म्हणाले.
नियमात बसत नाही. केलं.
थेंब टेबलावर पडला,
रमणभाईंनी तो बाहीनं पुसला
आणि दाराकडे पाहिलं.

मग वही मिटताना दिसले ते डाग.
दर चार-सहा नोंदींनी समासात एक,
मसुराएवढा, कडेला गडद.
कारखानीस टाक तिथे टेकवत असणार,
बाहेर बघत असणार. जिन्याखालून
बागेतले मोर ऐकू येत असतील
किंवा बडा बाबूंचा खोकला.
डोंगर हाताच्या अंतरावर होता.
त्यांनी तो मोजला, वजन केला,
टवकासुद्धा लिहिला,
आणि टाक कागदावरच ठेवला.

आता संगणकावर रकाना भरायचाय.
यादीतून निवडा : पूजा, भोजन, शृंगार, शस्त्र, इतर.
'थांबणे' त्यात नाही.
रमणभाई कुलपं घालायला वर गेलेत,
पावलं मोजता येतात.
माझं बॉलपेन गळत नाही,
डाग पडायची भीती नाही.
हातमोजा काढून
टवक्याच्या डावीकडे टेकवलं.